ओठातले बेडूकमासे

काच भिंगाखाली सरकवली आणि डॉक्टर कोपच्या पोटात गोळा आला.

तसं यात नवीन काही नव्हतं. गोळा रोजच यायचा. थायलंडच्या दक्षिणेतल्या त्रांगमधल्या एका इस्पितळात तो पॅथॉलॉजिस्ट होता. माणसाच्या अंगातून काढलेला तुकडा काचेवर बघायचा आणि साधा आहे की वाईट एवढं सांगायचं, हे त्याचं काम. आणि 'साधा आहे' हे दोन शब्द लिहिताना त्याचा हात असा कापायचा की बघणाऱ्याला वाटावं, हा स्वतःच्याच फाशीच्या हुकमावर सही करतोय. कोप हे त्याचं घरचं नाव. इथल्या भाषेत कोप म्हणजे बेडूक. आपल्या अर्थाचा कोप त्या बिचाऱ्याला उभ्या जन्मात झाला नव्हता. इथं सगळा कारभार असल्या घरगुती नावांवरच चालतो, खरं नाव शेजाऱ्यालाही ठाऊक नसतं. काचा तयार करणाऱ्या बाईंचं नाव पू. मराठी माणसानं नाक मुरडू नये, पू म्हणजे खेकडा. सर्जनचं नाव चांग, म्हणजे हत्ती, आणि तो होताही तसाच.

काचेवर होता एक ओठाचा तुकडा. बुनलोम नावाची कुणी पन्नाशीची बाई, वरच्या ओठावर गाठ, एका खेड्याच्या आरोग्यकेंद्रातून आलेला. गुलाबी तंतूंच्या दाट जाळीत घामाच्या ग्रंथीच्या बारीक नळ्या विखुरल्या होत्या. प्रत्येक नळीला वाटोळं डोकं आणि मागं एक वाकडी शेपटी. हुबेहूब बेडूकमासे. आता असे बेडूकमासे दिसले की समजायचं, घामाच्या ग्रंथीची साधी गाठ आहे, कुणाचं काही वाकडं करत नाही. पण याच चेहऱ्याचा एक भामटा असतो. वरून तेच डोकं, तीच शेपटी. मात्र तो खाली उतरत जातो, स्नायूत शिरतो, नसांना विळखा घालतो, आणि मग अर्धा ओठ कापून काढावा लागतो. साव कोण आणि चोर कोण हे कळतं ते तळाशी. आणि बुनलोमच्या तुकड्याला तळच नव्हता. केंद्रातल्या पोरगेल्या डॉक्टरनं बटाट्याचं साल काढावं तसा वरच्यावर सोलून पाठवला होता.

"पू ताई, याचा खालचा भाग कुठं गेला?"

"बाईच्या तोंडावर राहिला असेल, डॉक्टर."

"मेणाच्या ठोकळ्यात काही उरलंय का?"

"मेण उरलंय. हवं तर मेणाचा रिपोर्ट द्या."

कोपनं निवृत्त झालेल्या आपल्या सरांना फोन लावला. ते कोंबड्यांना दाणे घालत होते. "तळ दिसत नाही तर तळ मागून घे," ते म्हणाले. "मला काय विचारतोस?" आणि फोन ठेवला. कोपनं रिपोर्टात लिहिलं, खात्रीनं सांगता येत नाही, खोल तुकडा पाठवावा. लिहून झालं तरी गोळा काही विरेना. साधं असेल तर त्या बाईला आपण उगाच घाबरवतोय, आणि वाईट असेल तर ती आत्ता, या क्षणी, कुठंतरी निवांत भात खात बसली असेल. दोन्ही बाजूंनी त्याला धडकी भरत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो नेहमीप्रमाणे इस्पितळाच्या फाटकापाशी म्याओ मावशीच्या टपरीवर गेला. म्याओ म्हणजे मांजर. या मांजरीच्या हातची कॉफी आणि भाजलेलं डुकराचं मांस पोटात गेल्याशिवाय कोपचा दिवस उजाडत नसे. मावशी मूळची देशाच्या ईशान्येकडच्या ईसानची, लग्न होऊन दक्षिणेत आली आणि नवरा गेल्यावर टपरी एकटीच सांभाळत होती. हल्ली सर्दी झालीय म्हणून नाकातोंडावर कापड बांधून असायची.

"काय डॉक्टर, झोप नाही झाली वाटतं?"

"कशी होणार मावशी. एका बाईच्या ओठात बेडूकमासे निघालेत."

मावशीच्या हातातली कापडी गाळणी होती तिथंच थांबली. "ओठात?"

"वरच्या. चिक्कार आहेत. डोकी, शेपट्या, सगळं अगदी नीट वाढलंय. पण खाली किती खोल गेलेत तेच दिसत नाही. स्नायूपर्यंत पोचले असतील तर अर्धा ओठ गेला समजा."

"कुठली बाई?"

"नाव नाही सांगता येत. नियम आहे." कोप नियमाला फार जपायचा. "खेड्यातली आहे, पन्नाशीची आहे, आणि तिकडच्या केंद्रात परवा तुकडा काढलाय, एवढंच सांगतो. याउपर एक शब्द नाही."

मावशीनं त्याच्यापुढं कॉफी ठेवली. ती बशीत सांडलेली होती. कोपला आपल्याच काळजीत ते दिसलं नाही.

दुपारी चांग वाटेत भेटला. "त्या ओठाचं काय? वाईट की साधं?"

"बहुतेक साधं."

"बहुतेक म्हणजे?"

"म्हणजे, वाईट नाहीच असं नाही."

चांगच्या कानात फक्त 'वाईट' शिरलं. "मग आण की तिला. अर्धा ओठ काढून मोकळं करतो." आणि तो आनंदानं निघून गेला. चांगला कापायला मिळालं की त्याचा दिवस चांगला जाई, आणि ज्याला कापायचं त्याचाही चांगला जात असेल असं तो धरून चालायचा.

आता कोपची पाचावर धारण बसली. त्यानं पू ताईंना बुनलोमला फोन करायला लावला. नंबर बंद. मग केंद्राला कळवलं, केंद्रानं गावच्या आरोग्यसेविकेला सांगितलं, आणि तिनं जे सोपं होतं ते केलं. गावात खांबाखांबावर भोंगे आहेत. सकाळी डुकरांच्या लसीची आणि नळाच्या पाण्याची घोषणा होते, त्यातच तिनं ही घुसवली. "बुनलोमबाई, असाल तिथून इस्पितळात जा. तुमच्या ओठात गडबड आहे. मोठे डॉक्टर अर्धा ओठ काढायला खोळंबलेत. ज्यांची डुकरं राहिलीत त्यांनीही उद्या यावं."

बुनलोम आली नाही. यावर कोण येईल?

दुसऱ्या दिवशी टपरीवर मावशी जरा विचित्रच वागली. कोप दिसताच तिनं हात जोडले, तेही कपाळापर्यंत नेऊन. त्याच्या पानात मांसाचे दोन तुकडे जास्त वाढले. मग नजर दुसरीकडे ठेवून तिनं विचारलं, "डॉक्टर, एक विचारू? लहानपणी कुणी बेडूकमासे खाल्ले असले, तर ते पुढं असे ओठात निघतात का हो?"

कोपच्या डोक्यात बुनलोम. "कुणी सांगावं मावशी," तो म्हणाला. "शरीराचं काही सांगता येत नाही."

"आणि ते बेडकाला राग असेल म्हणून निघतात?"

"असू शकतं. कशाचं कारण काय, ते आम्हाला तरी कुठं कळतं. ती बाई सापडत नाही हो. सापडली असती तर चांगनं एव्हाना ओठ काढलासुद्धा असता."

मावशी मटकन मागच्या खुर्चीवर बसली. दुसऱ्या दिवसापासून टपरी बंद. कोप बंद फळीकडे बघून पुढं गेला. कॉफीवाचून त्याचं डोकं दुखायला लागलं, भीती मात्र होती तेवढीच राहिली. चांग भेटेल म्हणून तो मागच्या जिन्यानं चढायचा. रात्री अंथरुणात पडला की त्याला ओठ नसलेली बाई दिसायची. ती काही बोलायची नाही, बोलणार कशानं?

असे दिवस चालले असता एका सकाळी पू ताईंनी नवी काच आणून ठेवली. शहरातल्या एका त्वचेच्या डॉक्टरीणबाईंकडून आलेली. थान्यारात नावाची बाई. या नावाच्या मुळाशी धान्यरत्न आहे, म्हणजे मराठी कानाला बियाण्याच्या पोत्यावर शोभेल असं नाव. पण इथं ते फार उंची समजतात. कोपनं काच सरकवली, गोळ्याची वाट बघितली, आणि काय आश्चर्य, तो आलाच नाही. केवढा सुरेख तुकडा. वरच्या ओठाचा, पाचरीसारखा खालपर्यंत काढलेला. वरच्या बाजूला कुठलासा जुना ओरखडा भरून येत होता, त्याखाली बेडूकमासे, आणि त्यांच्याखाली स्वच्छ चरबी, स्वच्छ स्नायू, एक शेपटी तिकडे फिरकली नव्हती. नसा आपापल्या जागी मोकळ्या पडल्या होत्या. त्यानं तळाचा काठ या टोकापासून त्या टोकापर्यंत पुन्हा पुन्हा तपासला आणि ठणठणीत अक्षरात लिहिलं, घामाच्या ग्रंथीची साधी गाठ.

"नशीबवान बाई," तो पू ताईंना म्हणाला. "असा तुकडा बुनलोमचा का येत नाही?"

"ओठ तोच आहे डॉक्टर. वरचाच. वयही तेवढंच."

"त्रांगमध्ये वरचे ओठ काय कमी आहेत का, पू ताई?"

पू ताईंनी खांदे उडवले आणि त्या आपल्या कामाला लागल्या. थान्यारातच्या सुखानं कोपला बुनलोमचं दुःख जास्तच बोचायला लागलं. तेवढ्यात आरोग्यसेविकेचा निरोप आला. बुनलोम नावाची बाई आता गावात नाही. एवढंच. कोपनं विचार करायला घेतला, मग तो अर्धवट टाकून तसाच बाहेर पडला आणि फाटकापाशी उभ्या असलेल्या बेडूकतोंडी टुकटुक रिक्षात बसला. आयुष्यात तो पहिल्यांदाच रोग्याच्या घरी निघाला होता. काचेवरचं माणूस त्याला चालायचं, जिवंत माणसासमोर त्याची जीभ टाळ्याला चिकटायची.

गावात घर सापडलं. पायरीवर एक ठेंगणी बाई सातॉच्या उग्र वासाच्या शेंगा सोलत बसली होती.

"बुनलोमबाई इथंच राहतात ना?"

"राहायची," बाई म्हणाली. "आता नाही ती."

"कुठं गेल्या?"

"गेली म्हणजे गेली. गुरुवारी आटोपलं सगळं."

कोपनं दाराची चौकट धरली. "आटोपलं?"

"विहारात. पेटीत झोपवलं, वर पांढरं कापड घातलं, भिक्खूंनी मंत्र म्हटले. मी तिची भावजय, मीच फुलं दिली हातात. फार छान झालं. पाऊससुद्धा नव्हता."

"त्रास... फार त्रास झाला का त्यांना?"

"छे. पेटी जरा अरुंद होती, खांदे घासले तेवढेच."

कोप पायरीवर शेंगांच्या टोपलीशेजारी बसला. ओठावरची गाठ, मग ती कितीही वाईट असो, माणसाला इतक्या लवकर नेत नाही हे त्याला पुस्तकातून पक्कं ठाऊक होतं. पण पुस्तकं काय, त्यांना तळ दिसतो. "कशानं गेल्या?" त्यानं कसंबसं विचारलं.

"भीतीनं हो. कुणी एक डॉक्टर आहे म्हणे, त्यानं सांगितलं, ओठात बेडूकमासे झालेत. लहानपणी ईसानात ती पानात गुंडाळून भाजून खायची, तेच उलटले. डॉक्टरनंही कबूल केलं, बेडकाचा राग असू शकतो म्हणाला. त्यात त्या भोंग्यानं सगळ्या गावात डांगोरा पिटला. तिचं जेवण तुटलं, झोप तुटली. शेवटी भिक्खूच म्हणाले, बुनलोमला जाऊ दे."

आजवर ज्या एका गोष्टीला तो भीत आला होता ती गोष्ट घडली होती, आणि तीही चुकीचा रिपोर्ट न देता. त्यानं बाईला चुकीचं काहीच सांगितलं नव्हतं. तिला तर त्यानं पाहिलंही नव्हतं. तरी ती मेली होती, त्याच्या भीतीनं मेली होती. त्याचे डोळे भरून आले आणि पायरीवर बसल्या बसल्याच तो रडायला लागला.

"अगं म्याओ," भावजयीनं आत तोंड करून हाक मारली आणि जीभ चावली. "नाही नाही, थान्यारात. बाहेर ये गं. इस्पितळातून कुणी आलंय, रडतंय."

आतून म्याओ मावशी आली. कोपला ओळखीचं तोंड बघून एवढा धीर आला की ती इथं कशी, हे विचारायचंही त्याला सुचलं नाही.

"मावशी, बरं झालं तुम्ही आलात," तो म्हणाला. "माझ्या हातून बाई गेली हो. ती बेडूकमाशांची. बुनलोम."

मावशी त्याच्याकडे बघत राहिली. तिच्या तोंडावर कापड नव्हतं. वरच्या ओठावर काळ्या दोऱ्याचे टाके होते.

"बुनलोम मीच होते," ती म्हणाली.

"होते?"

"गुरुवारपर्यंत. जुनं नशीब मरावं म्हणून पेटीत झोपले, उठले ती थान्यारात होऊन. कचेरीत जाऊन रीतसर बदलून घेतलं. फोन तर तुम्ही बेडूकमासे म्हणालात त्याच दिवशी बंद केला होता, मग नंबरही नवा घेतला, जुना अशुभ निघाला. भिक्खू म्हणाले, बुनलोम मेली की बेडकांचा हिशेब मिटला, आता जुन्या नावाच्या हाकेला ओ देऊ नकोस. तसं तो भोंगा ओरडला तेव्हाही मी कानात बोटं घालून बसलेच होते."

कोपची नजर टाक्यांवरून हलेना. "हे टाके कुणी घातले?"

"शहरातल्या डॉक्टरीणबाईंनी. नव्या नावानं नवा तुकडा दिला. जुन्या नावानं दिला असता तर जुनंच नशीब निघालं असतं."

तो भरत आलेला ओरखडा. तेच वय. तोच ओठ. पू ताईंनी तोंडावर सांगितलं होतं. कोपला एकाच वेळी हसू आणि रडू आलं. "मावशी," तो म्हणाला, "तो तुकडा आज सकाळी मीच बघितला. साधा आहे. अगदी खालपर्यंत साधा आहे. तुमच्या ओठाला काही होत नाही."

मावशीनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं आणि ती रडली. टाके ओढले जात होते म्हणून हळू रडली. भावजयही शेंगा टाकून रडली. मग मावशीनं डोळे पुसले. "आणि आतले बेडूकमासे?"

"बेडूकमासे नाहीतच मावशी. घामाच्या नळ्या असतात. नुसत्या दिसतात तशा. आम्ही आपले बोलताना म्हणतो."

"म्हणजे जिवंत नव्हते?"

"नाही."

"बेडकांचा राग वगैरे?"

"नाही."

"आणि ती बुनलोमची पहिली काच?"

"तीही तुमचीच की. तेव्हाही साधंच होतं. फक्त मला तळ दिसत नव्हता."

मावशीनं हे सगळं मनात एकापुढं एक ठेवून बघितलं. मांजर म्हणतात तिला, पण त्या वेळी ती तिच्या भाच्यासारखी दिसली, वाघासारखी.

"मग मी मेले कशाला?"

भावजय म्हणाली, "जाऊ दे गं, नाव तर झोकदार मिळालं." पण मावशीचं तिकडे लक्ष नव्हतं. "आईनं ठेवलेलं नाव होतं ते," ती म्हणाली. "रोज सकाळी माझ्यासमोर बसून, माझंच मांस खाऊन, माझाच ओठ कापत होतात तुम्ही. आणि म्हणे नाव नाही सांगता येत. नाव सांगितलं असतं तर तिथंच कापड काढून दाखवला असता ओठ."

एवढ्यात कोपचा फोन वाजला. चांग होता. "मिळाली का बाई?"

"मिळाली. म्हणजे ती गेली. म्हणजे आहे. ओठ राहू दे, चांग. साधा आहे."

"मग आज कुणाचा काढू?" चांगनं हिरमुसून विचारलं. कोपनं फोन बंद केला. त्याचा चेहरा असा झाला होता की खरं पेटीत कोण जाऊन आलं, असा कुणालाही प्रश्न पडावा. मावशी त्याच्याकडे बघत होती. तिचा राग ओसरला नव्हता, पण दया मध्येच आडवी आली.

"डॉक्टर, तुम्ही शेवटचे झोपलात कधी?"

कोप बोटांवर दिवस मोजायला लागला.

"चला," तिनं त्याचं मनगट धरलं. "पेटी विहारात मांडलेलीच असते. मला नव्हती गरज तिची, तुम्हाला आहे."

कोपला पेटीची भीती वाटली, नको म्हणण्याचीही वाटली, आणि मावशीची दोन्हींपेक्षा जास्त वाटली. म्हणून तो गेला. बूट काढून तो आत आडवा झाला, भावजयीनं हातात फुलं दिली, भिक्खूंनी वर पांढरं कापड ओढलं आणि मंत्र सुरू केले. आत अंधार होता. इथं त्याला कुणी काही विचारणार नव्हतं, आणि कशावर सही करायची नव्हती.

मंत्र संपले. भिक्खूंनी कापड बाजूला केलं आणि रीतीप्रमाणे म्हणाले, "ऊठ, नव्या जन्मात ये." कोप उठला नाही. भिक्खू जरा चपापले, वाकले, तेव्हा त्यांना घोरणं ऐकू आलं. त्यांनी हाक मारायला तोंड उघडलं, तशी मावशीनं पुढं होऊन कापड पुन्हा कोपच्या छातीपर्यंत सारखं केलं.

"राहू द्या," ती हळूच म्हणाली. "पोराला आत्ता कुठं डोळा लागलाय."